अणुविज्ञानाच्या पुढील शंभर वर्षांचा विचार करण्यासाठी गावात अभ्यासगट कसा चालवावा

अणुऊर्जेचे निर्णय दिल्ली-मुंबईत होतात आणि अणुभट्ट्या तारापूर किंवा कल्पाक्कम येथे समुद्रकाठी उभ्या राहतात. मग वऱ्हाड-नागपूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. संबंध आहे, आणि तो चाळीस वर्षांचा आहे. आपल्या वावरात पेरला गेलेला टीएयू-१ उडीद, टीएजी-२४ भुईमूग, टीएटी-१० तूर, मुगाचे टीएआरएम आणि सोयाबीनचे टीएएमएस हे वाण तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्या संयुक्त कामातून आले आहेत. त्यांच्या नावांतील पहिली दोन इंग्रजी अक्षरे ट्रॉम्बे आणि अकोला यांचीच आहेत. गावातील कोणाला कर्करोग झाला, तर नागपूर किंवा सेवाग्राम येथे जे किरणोपचार मिळतात, तेही याच विज्ञानाचे देणे आहे.

यापुढे हा संबंध वाढण्याचीच शक्यता आहे. केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे १ लाख मेगावॅट अणुविद्युत क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आणि अशा किमान ५ स्वदेशी अणुभट्ट्या २०३३ पर्यंत चालू करण्याचे ठरले. निवृत्त होणाऱ्या कोळसा केंद्रांच्या जागा या लहान अणुभट्ट्यांसाठी वापरता येतील, असा विचार सरकारी पातळीवर मांडला गेला आहे. ज्या प्रदेशात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा ही केंद्रे आहेत, त्या प्रदेशातील माणसांनी हे वाक्य दोनदा वाचावे. विदर्भात अमुक ठिकाणी अणुभट्टी येणार, असे मी म्हणत नाही. प्रश्न दारात येऊन उभा राहण्याआधी तो समजून घेण्याची तयारी गावाने केलेली असावी, एवढ्यासाठी ही कार्यपद्धती लिहीत आहे.

गट कसा जमवावा

आपल्याकडे याचा उत्तम नमुना आधीपासून आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा यांची कामे वेगळी ठेवली. अभ्यासगटाने विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचे आणि उलटसुलट चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. वनहक्काच्या लढ्यात या गावाने जे मिळवले, त्यामागे हीच सवय होती. अणुविज्ञानासारख्या विषयात ही विभागणी फारच उपयोगी पडते, कारण निर्णयाचे दडपण नसले की माणसे मोकळेपणाने शंका विचारतात आणि आपले मत बदलायलाही तयार होतात.

सोयाबीन निघाल्यानंतर आणि दिवाळी उरकल्यावर गट सुरू करावा. कापूस वेचणीचे दिवस असल्याने बायका संध्याकाळी थकलेल्या असतात, आणि कृषी वाहिनीला रात्रपाळीची वीज असेल तर पुरुष गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात असतात. म्हणून वीज दिवसा मिळणाऱ्या आठवड्यातील एक वार निवडावा आणि तोच कायम ठेवावा. जागा सार्वजनिक वाचनालयाची, शाळेच्या खोलीची किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहाची घ्यावी. ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना नेमाने होते, तेथे प्रार्थना संपल्यावर त्याच सतरंजीवर बसण्यासारखी सोय नाही. पुढाऱ्याच्या ओसरीवर बैठक घेऊ नये, कारण तेथे अर्धे गाव येत नाही.

बारा ते पंधरा माणसे पुरेत. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, बचत गटातून दोघीतिघी आणि आशाताई आवर्जून घ्याव्यात, महावितरणचा लाईनमन, विज्ञानाचे शिक्षक किंवा शिक्षिका, शक्य असल्यास कोळसा केंद्रात किंवा खाणीत नोकरी केलेला कोणी, आणि अकरावी-बारावीची मुलेमुली असावीत. या मुलांना २०४७ आणि त्यापुढची वर्षे पाहायची आहेत, म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवू नये. अणुऊर्जेच्या ठाम बाजूचा एक आणि ठाम विरोधातला एक माणूस गटात असलाच पाहिजे. दोघेही मिळाले नाहीत तर प्रत्येक बैठकीत आळीपाळीने दोघांवर ती कामगिरी सोपवावी.

एक जाडजूड नोंदवही आणावी आणि पहिल्या दिवशी एकच नियम करावा: कोणीही कोणतेही विधान केले, तर ते वर्षासहित आणि कोठून कळले त्यासहित लिहायचे. ‘अणुवीज स्वस्त पडते’ एवढे लिहून चालणार नाही. कोणत्या केंद्राची, कोणत्या वर्षी, कोणत्या दराने, हे लिहावे लागेल. ‘किरणोत्साराने पिढ्या बरबाद होतात’ हेही तसेच तपासावे लागेल. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर स्रोत म्हणून धरू नये.

बियाण्यापासून आरंभ करावा

पहिल्या बैठकीत अणुभट्टीचे नावही काढू नये. भुईमुगाच्या शेंगा, उडीद, मूग आणि तूर असे समोर ठेवून बोलण्यास सुरुवात करावी, म्हणजे ज्यांना विज्ञान शाळेतच राहिले, त्यांनाही बोलता येते. गॅमा किंवा क्ष-किरणांचा ठरावीक मारा बियाण्यावर केला की त्याच्या जनुकांत आकस्मिक बदल होतात. त्यांतील बहुतेक बदल निरुपयोगी किंवा हानिकारक असतात, पण हजारो झाडांतून एखादे लवकर पक्व होणारे, बुटके किंवा मोठ्या दाण्याचे झाड निवडून काढता येते, त्याचा चांगल्या वाणाशी संकर करता येतो आणि अनेक हंगामांच्या चाचणीनंतर नवे वाण प्रसारित होते. निसर्गात मंद गतीने होणारे बदल येथे घाईने घडवले जातात. निवड मात्र माणसालाच करावी लागते आणि ती वर्षानुवर्षांची चिकाटी मागते. टीएयू-१ हा उडीद १९८५ मध्ये आला आणि महाराष्ट्रातील उडदाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग त्याने व्यापला. टीएजी-२४ हा भुईमूग १९९१ चा.

येथे दोन शंका नक्की येतील आणि दोन्हींची उत्तरे स्पष्टपणे द्यावीत. असे बियाणे किरणोत्सारी नसते, कारण गॅमा किरण आरपार जातात आणि मागे किरणोत्सारी द्रव्य ठेवत नाहीत. शिवाय शेतकऱ्याच्या हाती येणारे बियाणे त्या मूळ दाण्यापासून कित्येक पिढ्या दूर असते. दुसरे म्हणजे हे बीटी कपाशीसारखे परक्या जीवाचे जनुक घातलेले बियाणे नाही. कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला या बैठकीला बोलवावे आणि आपल्या जमिनीला व पावसाला आज कोणते वाण योग्य, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. चाळीस वर्षांपूर्वीचे वाण त्या काळी उत्तम होते म्हणून आजही तेच पेरावे, असे नाही.

याच बैठकीच्या शेवटी कपाशीचा विषय निघू द्यावा. तो या विषयाला सोडून आहे, असे कोणी म्हणेल. मला तो विषयाचा गाभा वाटतो. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, सुरुवातीची वर्षे बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीने तिच्यावर मात केलेली विदर्भाने उघड्या डोळ्यांनी पाहिली. एखादे तंत्रज्ञान आल्या वर्षी काय देते आणि पंधराव्या वर्षी काय देते, यांतील अंतर आपल्याइतके कोणी मोजलेले नाही. अणुतंत्रज्ञानाचा विचार करताना हाच अनुभव हाताशी ठेवावा, कारण तेथे पंधरा वर्षांच्या जागी तीनशे वर्षांचा हिशेब करायचा असतो.

काळ मोजायला शिकावे

दुसरी आणि तिसरी बैठक केवळ काळासाठी ठेवावी. अणुविषयक वादात माणसे एकमेकांना समजत नाहीत, याचे मोठे कारण असे की एक जण पुढच्या उन्हाळ्यातील भारनियमनाविषयी बोलत असतो आणि दुसरा शेकडो वर्षे टिकणाऱ्या कचऱ्याविषयी.

अर्धायुष्याची कल्पना चिंचोक्यांनी समजावून द्यावी. चिंचोके फोडून त्यांच्या दोनशे फाका करून घ्याव्यात. एक बाजू काळी आणि एक पांढरी. सगळ्या फाका सतरंजीवर टाकाव्यात, पांढरी बाजू वर आलेल्या फाका बाजूला काढून मोजाव्यात आणि उरलेल्या पुन्हा टाकाव्यात. फाका अगदी निम्म्याने पडतीलच असे नाही, पण प्रत्येक फेकीत उरलेल्यांचा साधारण ठरलेला वाटा कमी होत जातो, आणि कोणती फाक केव्हा उलटेल हे कोणालाच सांगता येत नाही, हे पाहताक्षणी कळते. किरणोत्सारी अणूंचे तसेच असते. एकूण अणूंपैकी निम्मे विघटित होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. दवाखान्यातील तपासणीत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य ६ तास, थायरॉइडच्या उपचारातील आयोडीन-१३१ चे ८ दिवस, किरणोपचाराच्या यंत्रातील कोबाल्ट-६० चे सुमारे ५.३ वर्षे, अणुभट्टीच्या कचऱ्यातील सीझियम-१३७ चे ३० वर्षे आणि प्लुटोनियम-२३९ चे २४,१०० वर्षे आहे. दहा अर्धायुष्ये उलटली की हजारातील जेमतेम एक भाग उरतो. म्हणजे सीझियमसाठी तीनशे वर्षे धरावीत.

यानंतर शाळेच्या भिंतीपासून दोरी ताणावी आणि एका वर्षाला एक सेंटिमीटर असे प्रमाण धरावे. १९५६ मध्ये तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, तेथे पहिली गाठ मारावी. १९६९ ला तारापूर, आणि त्याच वर्षी अकोल्याचे कृषी विद्यापीठ. २०४७ ची गाठ पहिल्या गाठीपासून जेमतेम दोन हातांवर येते. सीझियमची तीनशे वर्षे तीन मीटरमध्ये बसतात, म्हणजे वर्गखोलीच्या आत. प्लुटोनियमचे एक अर्धायुष्य मात्र २४१ मीटरवर जाते. मुलांना दोरी घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर चालत जावे लागते. मग त्यांना लोणार दाखवावे. बुलढाणा जिल्ह्यातील ते विवर उल्कापाताने झाले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानले जात होते, पण खडकातील आर्गॉनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) २०१० च्या सुमारास ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे दिसून आले. आपल्या दोरीवर लोणार ५.७ किलोमीटर मागे पडते. खडकाचे वय सांगणारे ते घड्याळही किरणोत्साराचेच, आणि ज्या विज्ञानाने इतके मागचे कळते, तेच विज्ञान आपल्याला इतक्या पुढची जबाबदारी घ्यायला सांगते; ही गोष्ट मुलांच्या मनात या एका दोरीने जशी उतरते तशी व्याख्यानाने उतरत नाही.

कचऱ्याविषयी भारताची पद्धत येथेच सांगावी. आपण वापरलेले इंधन थेट जमिनीत गाडत नाही. त्यावर पुनर्प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम परत मिळवले जाते आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद केला जातो. प्लुटोनियम निघून गेल्याने उरलेल्या कचऱ्याचा धोक्याचा काळ कमी होतो, परंतु संपत नाही, आणि वेगळे काढलेले प्लुटोनियम स्वतःच राखण करण्याची वस्तू बनते. फिनलंडने ओल्किलुओटो येथे वापरलेले इंधन जमिनीखाली ४०० मीटरहून अधिक खोल खडकात ठेवण्यासाठी ओन्कालो हे भूगर्भीय भांडार उभारले आहे. भारताचे डबे सध्या थंड ठेवलेल्या साठवणगृहांत आहेत. ते कोठे आणि कोणाच्या जमिनीखाली जातील, याचे उत्तर पुढच्या पिढीला द्यावे लागणार आहे, म्हणून हा प्रश्न नोंदवहीत लाल शाईने लिहावा.

विजेचा हिशेब स्वतः मांडावा

लाईनमनला फळ्यापाशी उभे करावे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की सुमारे ३० युनिट वीज लागते. आपल्याकडील जडपाणी (जड हायड्रोजन असलेले पाणी) वापरणाऱ्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून ढोबळमानाने ५० हजार युनिट वीज मिळते; म्हणजे तो पंप रोज आठ तास याप्रमाणे साडेचार वर्षे चालेल. तेवढीच वीज कोळशापासून काढायची, तर युनिटामागे ७०० ग्रॅम धरून ३५ टन कोळसा जाळावा लागतो, आणि आपल्या कोळशात साधारण एक तृतीयांश राख असल्याने जवळपास १२ टन राख उरते. ही राख कोठे जाते, हे कोराडी-खापरखेड्याच्या आणि चंद्रपूरच्या आसपासच्या गावांना सांगावे लागत नाही. या हिशेबाने गट थोडा वेळ गप्प होतो, आणि तसे व्हायलाही हवे, कारण कोळशाची किंमत विदर्भाने आपल्या फुप्फुसांनी आणि नद्यांनी मोजली आहे.

मात्र फळा तेवढ्यावर पुसू नये. दुसऱ्या बाजूला लिहावे की एक किलो इंधन वापरल्यावर उरणारा एक किलो पदार्थ राखेसारखा विटांत घालता येत नाही. अणुविद्युत केंद्रालाही थंड करण्यासाठी कोळसा केंद्राइतके, किंबहुना थोडे अधिकच पाणी लागते, आणि चंद्रपूरचे केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर चालते हे लक्षात घेतले, तर आतल्या प्रदेशात पाण्याचा प्रश्न किरणोत्साराच्या आधी विचारावा लागेल, असे मला वाटते. उभारणीचा खर्च मोठा आणि काळ लांब असतो. गुजरातमधील काक्रापार येथील ७०० मेगावॅटच्या तिसऱ्या संचाचे बांधकाम २०१० मध्ये सुरू झाले आणि त्याची व्यावसायिक वीज २०२३ मध्ये मिळाली.

यानंतर शेतीपंपाचा प्रश्न सरळ विचारावा. माझे मत असे आहे की दिवसाच्या ओलितासाठी अणुभट्टीची वाट पाहण्याचे कारण नाही. विदर्भात ऊन भरपूर आहे, कृषी वाहिन्या सौर विजेवर आणण्याचे काम राज्यात सुरू आहे आणि ते वेळेत पूर्ण होण्यासाठी आग्रह धरणे अधिक फलदायी आहे. अणुविजेचा खरा दावा आहे तो रात्री, ढगाळ पावसाळ्यात, कारखान्यांना आणि दवाखान्यांना चोवीस तास मिळणाऱ्या स्थिर विजेचा. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. कोळसा थांबल्यावर ती स्थिर वीज कोठून येणार, याचे प्रामाणिक उत्तर विरोध करणाऱ्यानेही दिले पाहिजे.

वचने आणि वर्षे

एक संपूर्ण बैठक जुन्या वचनांच्या हिशेबाला द्यावी. नोंदवहीचे पान उभे दुमडून डावीकडे वचन आणि उजवीकडे प्रत्यक्ष लिहावे. सन २००० पर्यंत १० हजार मेगावॅटचे उद्दिष्ट होते; त्या वर्षी क्षमता तीन हजारांच्याही आत होती. २०२० साठी २० हजार मेगावॅट सांगितले गेले होते. २०२० मध्ये ६,७८० मेगावॅट होते. कल्पाक्कम येथील ५०० मेगावॅटच्या प्रायोगिक शीघ्र प्रजनक (वापरते त्याहून अधिक इंधन निर्माण करणाऱ्या) अणुभट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि ती २०१० च्या सुमारास चालू होणे अपेक्षित होते. तिचा गाभा भरण्यास सुरुवात होण्यासच मार्च २०२४ उजाडला. आता याच ओळीत २०३३ च्या पाच लहान अणुभट्ट्या आणि २०४७ चे १ लाख मेगावॅट लिहावेत आणि उजवी बाजू मोकळी सोडावी.

हे करताना न्याय मात्र राखावा. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारताला बाहेरून तंत्रज्ञान आणि इंधन मिळणे जवळपास बंद झाले, ते २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने (अणुसामग्री निर्यात करणाऱ्या देशांच्या गटाने) सूट दिल्यावर खुले झाले. देशात युरेनियम मर्यादित आणि थोरियम विपुल, म्हणून होमी भाभांनी तीन टप्प्यांचा आराखडा आखला: पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमच्या जडपाणी अणुभट्ट्या, दुसऱ्यात प्लुटोनियमवर चालून अधिक इंधन निर्माण करणाऱ्या शीघ्र प्रजनक, आणि तिसऱ्यात केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूतून मिळणाऱ्या थोरियमपासून बनलेल्या युरेनियम-२३३ वर चालणाऱ्या. दुसरा टप्पा रखडला की तिसरा आपोआप पुढे ढकलला जातो. म्हणून थोरियमविषयी कोणी मोठे आकडे सांगू लागला, तर त्याला नम्रपणे दुसऱ्या टप्प्याचे वर्ष विचारावे. २०२५ मध्ये महानिर्मितीने थोरियमवरील लहान अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला, त्यालाही हाच प्रश्न लागू आहे. सामंजस्य करार हा अभ्यासाचा आरंभ असतो.

संमीलन ऊर्जेवर, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, फार वेळ देऊ नये. भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे ती दोन दशकांत हाती येईल असे भाकीत केले होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील प्रयोगात लक्ष्यावर पडलेल्या लेझर ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा प्रथमच बाहेर पडली, फ्रान्समधील ज्या ‘इटर’ प्रकल्पात भारत सहभागी आहे, तेथील संशोधन २०३० च्या दशकाच्या मध्यावर सुरू होणे अपेक्षित आहे. मुलांनी हे जरूर शिकावे, कारण त्यांच्यापैकी एखादी या क्षेत्रात जाईल. गावाच्या विजेचा हिशेब मात्र त्यावर बांधू नये.

दवाखाना आणि भंगार

हा भाग दूरच्या भविष्याचा नाही, उद्या सकाळचा आहे. आशाताईंच्या मदतीने गावात दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. बाहेरून किरण देऊन उपचार घेतलेला रुग्ण, ज्याला ‘शेक दिला’ असे म्हणतात, तो घरी आल्यावर किरणोत्सारी नसतो. त्याच्या ताटात जेवणे, लेकराला त्याच्या मांडीवर देणे यात काहीही धोका नाही. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाला मात्र काही दिवस लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवण्यास सांगितले जाते, आणि ते तेवढ्याच दिवसांपुरते असते. या दोन वाक्यांच्या अज्ञानामुळे आजारी माणसे आपल्याच घरात वेगळी पडतात, याचे मला मनापासून दुःख आहे. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन काढण्यापूर्वी स्त्रीने गरोदरपणाची शक्यता असल्यास सांगावे, आणि यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदलेले आहे का, हे विचारण्याचा रुग्णाला संकोच वाटू नये.

भंगार गोळा करणाऱ्यांना बोलावून किरणोत्साराचे चिन्ह दाखवावे: पिवळ्या पृष्ठभागावर मधल्या ठिपक्याभोवती तीन पाती. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले प्रयोगशाळेतील जुने उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. असे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने विलक्षण जड शिशाची पेटी दिसल्यास ती फोडू, कापू किंवा घरी आणू नये, लोकांना दूर ठेवावे आणि ११२ वर पोलिसांना व तहसील कार्यालयाला कळवावे.

बॉम्बचा विषय टाळू नये

सेवाग्राम आपल्याच प्रदेशात आहे. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर, १९४६ मध्ये, गांधीजींनी लिहिले होते की अणुबॉम्बचा नाश प्रति-बॉम्बने होणार नाही, जसा हिंसेचा प्रतिहिंसेने होत नाही. भारताने १९७४ आणि १९९८ मध्ये चाचण्या केल्या आणि प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले. अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार जानेवारी २०२१ पासून अमलात आहे आणि भारतासह कोणत्याही अण्वस्त्रधारी देशाने तो स्वीकारलेला नाही. जगात आजही सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. या बैठकीत मतभेद तीव्र होतील. ते मिटवण्याची घाई करू नये, दोन्ही बाजू नोंदवाव्यात. वीज आणि बॉम्ब यांचे विज्ञान एकाच मुळाचे असल्याने पुढची शंभर वर्षे देखरेख कोणाची, हा प्रश्न या बैठकीतून पुढे न्यावा.

ग्रामसभेपुढे काय ठेवावे

शेवटच्या दोन बैठकांत गटाने प्रश्नावली तयार करावी. पाठिंबा किंवा विरोध यांचा ठराव करण्याची घाई नसावी. लिहून ठेवलेले नेमके प्रश्न सरकारी कचेरीत ठरावापेक्षा अधिक काळ टिकतात. पाणी कोणत्या धरणातून आणि कोणाच्या वाट्यातून येणार, दुष्काळी वर्षी आधी कोणाचे तुटणार. वापरलेले इंधन जागेवर किती वर्षे राहणार. केंद्राचे आयुष्य संपल्यावर ते उतरवण्याचा खर्च कोणी आणि कोठे बाजूला ठेवला आहे. अपघात झाल्यास त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानुसार भरपाई कोण देणार. आणीबाणीच्या नियोजनाच्या १६ किलोमीटरच्या परिघात कोणती गावे येतात आणि तेथून निघायचे रस्ते पावसाळ्यात चालू असतात का. किरणोत्साराची मोजमापे गावाला मराठीत, कोणत्या फलकावर, किती वेळाने कळणार. शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण विश्वास तेथूनच निर्माण होतो किंवा तेथेच मोडतो.

पर्यावरणीय जनसुनावणी होते तेव्हा किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, ही तरतूद गटातील प्रत्येकाला माहीत असावी. सारांश मिळाल्यावर संपूर्ण अहवालही मागावा. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातील ग्रामसभांना तेथील पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने अधिक अधिकार आहेत, ते गडचिरोलीकडील गटांनी वेगळे अभ्यासावेत. जी माहिती सहज मिळत नाही, तिच्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा आणि त्याची पोच नोंदवहीत चिकटवावी.

प्रश्नावली ग्रामसभेत वाचून दाखवण्याचे काम गटातील मुलींकडे द्यावे. नोंदवही सरपंचाच्या घरी किंवा कोणा एकाच्या कपाटात न ठेवता वाचनालयाच्या दाखल-नोंदीत क्रमांक देऊन ठेवावी, तिची एक प्रत शाळेत असावी, आणि वचनांच्या पानावरील उजवी बाजू दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत भरावी. २०३३ ची ओळ भरण्याची जबाबदारी आज नववीत असलेल्या दोघांच्या नावे आत्ताच लिहून ठेवावी.